रस्सा किती वाढायचा: तांडापेठेतल्या एका सावजी भोजनालयाचा हिशेब

नागपूरच्या तांडापेठेतलं सहा टेबलांचं भोजनालय, घराच्याच पुढच्या खोलीत चालणारं. सावजी म्हणजे इथल्या हलबा कोष्ट्यांच्या घरचं तिखट, मसालेदार जेवण. २०२३ च्या उन्हाळ्यात या घरात तिघांची तीन मतं होती. थोरल्या मुलाला डिलिव्हरी अ‍ॅप चालू ठेवायचं होतं, कारण लॉकडाऊनमध्ये त्यानेच घर तारलं होतं. धाकट्याला पुढची खोली पाडून कॅफे काढायचा होता. त्यांची आई, म्हणजे काकू, म्हणत होत्या, अ‍ॅप काढून टाका आणि भोजनालय आधी चालायचं तसं चालू द्या. या घराचे हिशेब आणि परवान्यांचे कागद मी पाहतो, म्हणून हा वाद माझ्या टेबलावर आला. घरच्यांच्या संमतीने तो इथे मांडतो आहे. त्यांची नावं आणि पाटीवरचं नाव दिलेलं नाही.

पूर्व आणि मध्य नागपुरातल्या कितीतरी सावजी भोजनालयांपुढे आज हाच पेच आहे. काहींचे बार झाले, काहींनी रिंग रोडवर मोठे हॉल टाकले, काहींनी शटर ओढलं. कोणाकडेही विचारा, बोलणं दिवसाला किती प्लेटा गेल्या यावरच येऊन थांबतं. या एका घराचा हिशेब खोलात जाऊन पाहिल्यावर माझी खात्री झाली की अशा भोजनालयाचं सगळं गणित दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढल्या जाणाऱ्या रश्शावर उभं असतं, आणि तो रस्सा कोणाच्याच वहीत लिहिलेला नसतो. काय ठेवायचं, काय बदलायचं, हे ठरवण्याआधी तो वहीत यायला हवा.

मागाकडून चुलीकडे

तांडापेठ, गोळीबार चौक, पाचपावली, लालगंज हा सगळा हलबा कोष्ट्यांचा, म्हणजे विणकरांचा पट्टा. घराघरात हातमाग होते, नागपुरी लुगडी इथे विणली जात. शहरात दुसरा मोठा आधार मिलचा होता. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढची शंभर वर्षं या मोहल्ल्यांतली माणसं तिच्या भोंग्यावर उठली. १९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे.

काकूंचे यजमान याच मिलमध्ये होते. पगाराची खात्री सुटायला लागली तेव्हा काकूंनी रविवारी घरी मटण शिजवून द्यायला सुरुवात केली. पहिले गिऱ्हाईक मिलमधलेच सोबती, घरून डबा घेऊन येणारे. मग कोणीतरी म्हणालं, इथेच बसून खातो. ओसरीवर सतरंजी आली, नंतर बाक, नंतर टेबलं. अशीच सुरुवात या भागातल्या बऱ्याच भोजनालयांची आहे. भांडवल म्हणाल तर चूल, पाटा आणि घरातल्या बाईचा हात.

त्या हाताबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिथेच येऊन अडतो. आठवड्यातून एकदा मसाला होतो. धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, तेजपान, लवंग, काळी मिरी, दालचिनी, मसाला वेलची, सुंठ: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, थोड्या तेलावर. खसखस फुलायला लागली की काकू कढईच खाली उतरवून घेतात. नुसता गॅस बंद करून भागत नाही, तापल्या लोखंडात खसखस पुढे भाजतच राहते आणि मग अख्खं पातेलं कडवट लागतं. मिरची भिवापुरी, आपल्याच जिल्ह्यातली. घट्टपणाला भाजलेलं ज्वारीचं पीठ. या घरात टोमॅटो पडत नाही. तेल पूर्वी जवसाचं असायचं, आता सोयाबीनचं असतं, आणि ही गोष्ट काकूंना अजून सलते. मसाला तेलात इतका परतायचा की तेल सुटून वर यावं. तीच तर्री. ती आली नाही तर पातेलं चुलीवरून उतरत नाही.

आता वाढण्याची पद्धत पाहा. एका प्लेटमध्ये मटणाचे मोजके तुकडे. पैसे त्या तुकड्यांचे. पोळ्यांचे वेगळे. रस्सा मात्र पोळी संपेपर्यंत येत राहतो. इतवारीच्या बाजारात दिवसभर पोती वाहिलेला माणूस एका प्लेटवर सहा-सात पोळ्या खातो. "मावशी, रस्सा टाका जी अजून," म्हणतो, आणि कोणी भुवई उंचावत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बँकेतल्या साहेबाला मात्र दोन पोळ्यांतच पुरे होतं. मसाला, तेल, गॅस हे सगळं त्या एकाच पातेल्यात मुरलेलं असतं आणि कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचा भार नकळत उचलतो. कष्टकऱ्याला एका प्लेटच्या पैशात पोटभर सामिष जेवण मिळतं ते या व्यवस्थेमुळे. मला ही या शहराची फार मोठी गोष्ट वाटते. नागपूरच्या सावजीचा तिखटपणा सगळे मिरवतात, हा मोठेपणा फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

अ‍ॅपचे दिवस

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. बसून जेवणं बंद, मिळकत शून्य. पार्सलची मुभा मिळाली तशी थोरल्याने एका डिलिव्हरी अ‍ॅपवर नोंदणी केली. अन्न परवान्याची साधी नोंदणी आधीच होती, त्या वेळच्या नियमाने वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला ती पुरत होती, त्यामुळे फार अडलं नाही. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यात उपाहारगृहं निम्म्या क्षमतेने उघडली, पण सहा टेबलांची निम्मी म्हणजे तीन. पुन्हा १५ ते २१ मार्च २०२१ ला नागपुरात कडक टाळेबंदी आली, मग दुसरी लाट. त्या सगळ्या काळात गॅस पेटता राहिला तो अ‍ॅपमुळेच. थोरल्याचं हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि काकूही ते नाकारत नाहीत.

अडचण त्यानंतरची. २०२२ मध्ये लोक परत येऊन बसायला लागले, अ‍ॅपवरही मागणी होती, प्लेटांचा आकडा कधी नव्हे इतका मोठा झाला आणि महिनाअखेरीला हातात काही उरेना. थोरल्याला वाटलं कुठेतरी चोरी होते आहे. चोरी कुठेच नव्हती.

मी एका प्लेटचा हिशेब मांडला तो असा. बसून खाणाऱ्याला मटण प्लेट १८० रुपये. दुसऱ्या-तिसऱ्या रश्शाचा खर्च सरासरीने २० रुपये धरला, उरले १६०. मटण किलोला सातशेच्या पुढे, तेव्हा प्लेटमध्ये ८० रुपयांचं मटण. मसाला, तेल, गॅस, मजुरी मिळून ४५. म्हणजे हातात ३५ रुपये. आता अ‍ॅपवर हीच प्लेट २४० ला लावलेली. त्यातून २५ टक्के कमिशन, ६० रुपये. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. सवलतीत भोजनालयाचा वाटा २४. डबे, पिशवी, चिकटपट्टी १२. उरले १३३. त्यातून तेच ८० आणि ४५ वजा केले की आठ रुपये.

आठ रुपये! आणि एखाद्या दिवशी डबा सांडला, ऑर्डर रद्द झाली, पैसे परत करावे लागले, की तेही गेले. मे २०२२ मध्ये १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मुंबईत २,३०० रुपयांच्या वर होता, नागपुरातही भाव त्याच चालीने चढला होता. आठ रुपयांना असला धक्का सोसत नाही.

त्यात १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून जाणाऱ्या जेवणाचा पाच टक्के जीएसटी अ‍ॅपनेच गोळा करून भरायचा असा नियम आला. त्याआधी वीस लाखांच्या आतल्या, नोंदणी नसलेल्या छोट्या भोजनालयाच्या जेवणावर हा कर लागत नसे. आता मोठ्या हॉटेलाची आणि या सहा टेबलांची प्लेट करापुरती सारखी झाली. गिऱ्हाइकाच्या खिशातून जास्त जातं आणि काकूंच्या गल्ल्यात कमी येतं.

पैसे येण्याची तऱ्हाही वेगळी. अ‍ॅपचे पैसे आठवड्याने खात्यात. मटणवाल्याला मात्र रोजचे रोज द्यावे लागतात, फार तर दोन दिवस थांबतो. आठवडाभराचं मटण उधारीवर आणायचं म्हणजे भावात घासाघीस करायचं तोंड उरत नाही. भाव वाढला की गपचूप मान्य. छोट्या खानावळीला नफ्यापेक्षाही हा फरक आधी मारतो, पण व्यवसायाच्या गप्पांत त्याचं नावही निघत नाही.

आणि रस्सा. पार्सलमधला माणूस "अजून टाका जी" म्हणू शकत नाही. म्हणून प्रत्येकाला सारखाच डबा भरून द्यायचा. छोटा डबा दिला तर तक्रार, रस्सा कमी. मोठा दिला तर रात्री साडेआठलाच पातेलं रिकामं, आणि नऊला बाजार उठल्यावर येणारा रोजचा हमाल दारातून परत जातो. पंक्तीत कमी खाणाऱ्याचा वाचलेला रस्सा जास्त खाणाऱ्याकडे जायचा, डब्यात ती सोयच नाही. ज्याला नको त्याच्याकडे तो फेकला जातो, ज्याला हवा त्याला मिळत नाही. हा मुद्दा काकूंनी मला त्यांच्या भाषेत कितीदा तरी सांगितला होता: "पातेलं पुरूनच नाही राहिलं." कागदावर आकडे मांडल्यावर सगळ्यांना पटला.

तक्रारी वाचल्या तर चटका बसतो. एकाने लिहिलं, तेल तरंगत होतं. ती तर्री होती, जिच्यासाठी पातेलं तासभर चुलीवर राहतं. एकाला फार तिखट लागलं. एकाकडे अर्ध्या तासाने पोचलेल्या डब्यात चरबी गोठून पांढरी झाली होती, आणि त्यात चूक कोणाचीच नव्हती, हे जेवण पातेल्यातून ताटात यायलाच बनलेलं आहे. तारे कमी झाले की यादीत नाव खाली जातं, वर आणायला जाहिरातीचे पैसे. म्हणून थोरल्याने तेल कमी केलं, "मीडियम" नावाची एक भाजी वेगळी काढली. रोजच्या गिऱ्हाइकांनी दोन दिवसांत ओळखलं. कोणी भांडलं नाही, काही जण फक्त यायचे थांबले.

धाकट्याचा कॅफे

धाकटा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, पुण्यात एका कॅफेत दोन वर्षं काम करून टाळेबंदीत घरी परतलेला. त्याने डोळ्यासमोर धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ इकडचे कॅफे ठेवले होते. पश्चिम नागपुरात गेल्या दहा-बारा वर्षांत या कॅफेंची रांगच लागली. कोल्ड कॉफी, सँडविच, पास्ता, भिंतीवर चित्रं, एका कपावर दोन तास बसलेली कॉलेजची पोरं. त्याच्या आधी बसून गप्पा मारायला सदरचं इंडियन कॉफी हाऊस होतं, फुटाळ्याची चौपाटी होती, आणि सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहा. तर्री पोह्याला मात्र कोणी दोन तास बसत नाही, गाडीवर वाकून उभ्याने खातात.

त्याची योजना पहिल्यांदा ऐकली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ती उडवून लावली. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. स्वयंपाकघर एकच, कॉफीच्या कपाला मटणाचा वास. पुढच्या खोलीचं काम आणि कॉफीचं यंत्र यांचा खर्च काढला तर तो कर्जाशिवाय भागणारा नव्हता. हे सगळं बरोबरच. पण बोलता बोलता त्याने एक गोष्ट काढली ती मला आजही अस्वस्थ करते. तो म्हणाला, "आपल्याकडे माझी बहीण मैत्रिणींना घेऊन येऊन बसली का कधी? तिच्या आईचंच हॉटेल आहे ना?"

खरं आहे. सावजी भोजनालयात रांधतात बाया आणि बसून खातात बाप्ये. कुठे कुठे पडदा लावलेली "फॅमिली रूम" असते, तीही आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मसाला भाजणाऱ्या हातांना त्याच खोलीत बसायला जागा नाही. पंगतीच्या मोठेपणाबद्दल मी वर लिहिलं त्यातला शब्दही मागे घेत नाही, पण ती पंगत अर्ध्या मोहल्ल्याचीच होती. कॅफेने नागपूरच्या मुलींना घराबाहेर, कोणी टक लावून न पाहता, बसायला एक खुर्ची दिली. ती खुर्ची तांडापेठेत का नसावी?

ठरलं काय

बरीच बोलणी झाली, काही रागात, काही जेवताना. शेवटी तिघांचंही थोडं थोडं राहिलं.

मटण अ‍ॅपवरून काढलं. खूर, कलेजी, भेजा कधी लावलेच नव्हते. डाळकांदा आणि पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) ठेवले, कारण त्यांना मटणाच्या भावाचा जाच नाही आणि डब्यातही ते टिकतात. पाटोडी मात्र रश्शात बुडवून पाठवायची नाही, वेगळ्या डब्यात, नाहीतर पोचेपर्यंत तिचा लगदा होतो. सवलतीच्या योजनांत भाग घेणं बंद. नाव यादीत खाली गेलं, जाऊ दिलं. श्रावणात आणि नवरात्रात मटण थंडावतं तेव्हा या दोन भाज्यांनी महिना सावरला.

मटणाचं पार्सल फोनवर, न्यायला स्वतः यायचं, स्टीलचा डबा घरून आणायचा. डबा आणला तर रस्सा काकू हाताने, डब्याच्या आकाराप्रमाणे घालतात. जुनी रीतच परत आली. याला गिऱ्हाईक मिळेल का, अशी थोरल्याला धाकधूक होती. पहिल्या पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा, दुपारी बारापासून गल्लीत डबे घेऊन रांग होती. रोज अशी रांग नसते, रविवारी असते. अ‍ॅपवर होता तेवढा प्लेटांचा आकडा पुन्हा आला नाही. पण आठ रुपयांच्या जागी तीस-पस्तीस उरतात, आणि पातेलं नऊच्या पुढे पुरतं.

तेल पहिल्याइतकं झालं. "मीडियम" बंद केलं. थांबलेल्यांपैकी काही परतले, सगळे नाही.

धाकट्याला सकाळ मिळाली. भोजनालय अकराला सुरू होतं, तोवर पुढची खोली रिकामीच असायची. सात ते साडेदहा तो तर्री पोहा, चहा आणि फिल्टर कॉफी देतो. तर्री चण्याची, मसाला घरचाच पण हलक्या हाताने. यंत्र आणलं नाही, भिंत पाडली नाही. खिडकीवरचा पडदा काढला, ट्यूबलाइट बदलली, आणि खुर्च्या बदलल्या, कारण बाकावर कोणी निवांत बसत नाही. शेजारच्या शिकवणीला जाणाऱ्या मुली येतात. संध्याकाळच्या जेवणाला त्या अजून येत नाहीत. पडदा काढल्यापासून कुटुंबं मात्र पुढच्या खोलीत बसायला लागली आहेत, हा फरक कोणी योजलेला नव्हता.

सकाळच्या धंद्याचा नफा अजून किरकोळ आहे. धाकट्याची मजुरी धरली तर बरोबरीत सुटतो. मी त्याला सांगितलं आहे की वर्षभर तरी हा हिशेब वेगळ्या वहीत ठेव, मटणाच्या गल्ल्यात मिसळू नकोस, नाहीतर कोण कोणाला पोसतं आहे ते कळणार नाही.

जे सुटलेलं नाही

काकू सत्तरीला आल्या आहेत. मसाला अजून त्याच भाजतात. सुनेला स्वयंपाक येतो, चांगला येतो, पण तिने स्पष्ट सांगितलं की दिवसाचे आठ तास चुलीपुढे ती उभी राहणार नाही. तिला मी दोष देत नाही. एका बाईच्या न मोजलेल्या मजुरीवर ही भोजनालयं स्वस्त राहिली, हेही रश्शासारखंच वहीबाहेरचं होतं. हिशेब मांडताना ४५ रुपयांत मी मजुरी धरली ती वाढप्याची आणि भांडी घासणारीची. काकूंची धरलीच नव्हती, कारण त्या घेत नाहीत. ती बाजारभावाने धरली तर प्लेट १८० ला परवडत नाही.

म्हणून आता विषय मसाल्याचा आहे. तो प्रमाणात बसवून, यंत्रावर दळून, पाकिटात विकता आला तर घराला दुसरी मिळकत होईल आणि चुलीपुढचे तास कमी होतील. केंद्राच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. किमान दहा टक्के स्वतःचे घालावे लागतात. अर्जाचे कागद मी तयार केले आहेत. अर्ज काकूंच्या नावाने जावा हा माझा आग्रह होता आणि दोन्ही मुलांनी तो मानला.

अडलं आहे ते प्रमाणावर. काकूंचं माप मुठीचं. धाकटा वजनकाटा घेऊन बसतो, त्या मूठ टाकण्याआधी तो ती तोलून घेतो आणि लिहितो. दोन वेळा केलेल्या मसाल्याची वजनं जुळत नाहीत, कारण मिरची नवी असली की त्या कमी घालतात आणि पावसाळ्यात खोबरं जास्त भाजतात. सून म्हणाली, मग ऋतूप्रमाणे वेगळी वजनं लिहा. सध्या ते काम चालू आहे. उन्हाळ्याचं पान झालं, पावसाळ्याचं अर्धं झालं. अर्ज हिवाळ्याच्या पानानंतर भरायचा असं घरात ठरलं आहे.